समान करडा कायदा

भोपाळमध्ये पांढऱ्या कपड्यांची सर्वांत दाट वस्ती अरेरा टेकडीवर, विधानसभेच्या आसपास. अधिवेशन चालू असलं की तिथे कडक इस्त्रीच्या कुडत्यांचा नुसता पूर लोटतो. अशा एखाद्या कुडत्याने चौकट भरून टाका आणि कॅमेरा ऑटोवर ठेवून बटण दाबा. कुडता करडा येतो. मग न्यायालयाच्या आवारात जाऊन वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचा असाच फोटो घ्या. तोही करडा! दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर विधिमंडळ कुठलं आणि न्यायमंडळ कुठलं, ओळखून दाखवा. समान नागरी कायद्यावर देशात एवढी वर्षं वाद चालू आहेत. कॅमेऱ्याने समान करडा कायदा कधीच लागू करून टाकला.

यात यंत्राचा दोष म्हणावा तर तो एका समजुतीचा. समोर खादी आहे की म्हैस, हे आतल्या प्रकाशमापकाला कळत नाही. परत येणारा उजेड तेवढा तो मोजतो आणि गृहीत धरतो, की जगाची सरासरी काढली तर मधला करडा रंग निघतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत त्याला १८ टक्केवाला करडा म्हणतात. उजेड जास्त आला की साहेब म्हणतात, ‘कमी करा.’ कमी आला की, ‘वाढवा.’ कागदावर सरासरी बरोबर आली की फाइल बंद.

तंत्रज्ञांनी हात टेकले नाहीत, हे कबूल. निकॉनने १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे पाच तुकडे पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला. १९९६च्या एफ५ मध्ये तर तीस हजारांहून अधिक दृश्यांची माहिती भरून ठेवली होती, म्हणजे यंत्राने समोरचं दृश्य त्यांच्याशी ताडून पाहायचं. त्या तीस हजारांत अंतरपाट असेल असं मला वाटत नाही.

कारण भोपाळच्या मराठी लग्नांत ऑटोची खरी परीक्षा अंतरपाटच घेतो. मंगलाष्टकं चालू, मधोमध पांढरं शुभ्र कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा त्या कापडावरच खिळलेला. एवढा उजेड पाहून त्याने काटकसर केलेली, त्यामुळे दोन्ही मामा काजळीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे. ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि चौकटीत अंधार पसरतो. काटकसर अजून चालूच असते ना! परिस्थिती बदलल्याचं कॅमेऱ्याला कळून उजेड वाढेपर्यंत हार घालून झालेले असतात, वाजंत्री सुरू झालेली असते आणि आत्याबाई जेवणाच्या रांगेत पोचलेल्या असतात. लग्न लागल्याचा पुरावा म्हणून उरतात फक्त अक्षता आणि आवाज.

पाहुणे दुसऱ्या दिवशी बडा तालाबवर जातातच. व्हीआयपी रोडच्या कठड्याला टेकून, मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभे राहतात. आकाश झगझगीत, म्हणून सासर-माहेरची सगळी मंडळी एकजात काळी. मोबाइलवर बोट ठेवून चेहरे उजळावेत, तर सूर्यास्त धुऊन पांढरा. ज्यासाठी रिक्षाचं भाडं दिलं, तोच गायब. पाठीमागे तळ्यात राजा भोज उभा असतो, पण पहिल्या फोटोत तो खांब वाटतो आणि दुसऱ्यात धुकं.

आता लाला दीनदयाळांची आठवण निघणारच. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा माणूस १८८२च्या सुमारास लेपेल ग्रिफिन या साहेबाबरोबर मध्य भारत हिंडला. सांचीची तोरणं त्याने काचेच्या प्लेटांवर अशी उतरवली, की दगडातलं कोरीव काम आजही बोटाने चाचपावंसं वाटतं. प्रकाशमापक नव्हता, पडदा नव्हता, पुसून पुन्हा काढायची सोय नव्हती. ऊन बघायचं आणि ठरवायचं. खात्यात नोकरी करून माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो, हाही त्यातला एक चमत्कारच.

ऑटोवर उतारा आहे. प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण असतं. नियम मात्र उलटा वाटतो: पांढऱ्या वस्तूला आणखी उजेड द्यायचा, काळ्या वस्तूचा आहे तोही काढून घ्यायचा. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो. अर्थखात्यातल्या माणसाला एकदा सांगितलं की पुरतं.

व्हिडिओवाल्या पोराला मी सुचवून पाहिलं होतं, ‘बेटा, कपडा सफेद है, थोडा प्लस कर.’ तो डोळा न हलवता म्हणाला, ‘अंकल, ऑटो में सब सेट है.’ बिल मात्र त्याने ऑटोवर सोडलं नाही. ते स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि चांगलं दोन घरं प्लसवर.