चुना लावा, पण गच्चीला

मार्च लागला की बिलोलीच्या बाजारात कूलर दुकानातून रस्त्यावर येतात. घासाघीस होते, जुन्या कूलरची गवताची जाळी बदलली जाते, आणि मे महिन्यात बिल हातात पडलं की सगळ्या शिव्या मीटरला. मीटरचा काय दोष? चोर डोक्यावर बसलाय. दिवसभर ऊन पिणारा आणि रात्रभर ते घरात ओतणारा स्लॅब! रात्री दहाला स्टुलावर उभं राहून छताला तळवा लावून बघा. तळव्याला ऊब लागते. त्याखाली पंखा कितीही जोरात फिरू द्या, तो वरची ऊबच खाली आणतो.

आपल्या आजोबांच्या घरी माळवद होतं. हात-दोन हात जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखातही दुपारी डोळा लागायचा. पण माळवदाचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारी भागातल्या भूकंपात त्याच जड भिंती आणि तीच माती झोपेतल्या हजारो माणसांच्या अंगावर आली. लोक स्लॅबकडे वळले त्यात जिवाची भीती होती, नुसती हौस नव्हती. स्लॅब हवाच. मात्र माळवदाबरोबर गारवाही गेला आणि तो परत आणायचं आपल्याकडे कुणी मनावर घेतलं नाही.

बिलोलीजवळचा येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणा. त्या राज्याने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, सरकारी इमारतींना ऊन परतवणारी छतं सक्तीची केली. ऊन काही पुलापाशी थांबत नाही. मग पुलाच्या अलीकडे आपण कशाची वाट बघतोय? सरकारी योजनेतलं घरकुल म्हणजे साधारण २५ चौरस मीटरचं घर. त्याच्या खर्चातच छताला ऊन परतवणाऱ्या चुन्याचे दोन हात धरा. ज्याला कूलर परवडत नाही त्याला याची गरज सगळ्यात जास्त.

काम सोपं आहे. चुनकळी रात्रभर विरवायची (पोरांना लांब ठेवा, डोळ्यांत उडाला तर घात होतो), गाळून घ्यायची, थोडा फेविकॉल घालायचा आणि गच्ची घासून-धुऊन संध्याकाळी दोन हात मारायचे. पावसाने धुपतो, म्हणून दर फाल्गुनात नव्याने. आधी घर, मग उपकरणं: थंडीच्या देशांतही लोक हीटरचं बिल उतरावं म्हणून आधी छताखाली उष्णता अडवणारा जाड थर अंथरतात, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवतात. आपल्याला थंडीच्या जागी ऊन अडवायचंय, एवढाच फरक.

त्यानंतर पंखा. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे ४०. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढचा दर जवळपास दुप्पट होतो, तेव्हा वापर त्याहून बराच जास्त असेल तर हे ४० युनिट नेमके महागातले वाचतात. आणि कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारी घरं मी आमच्याच गल्लीत मोजलीत. अंग चिकचिकतं, पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात.

गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर अर्धा चुना झाला आणि अंधार पडला. दुसऱ्या दिवशी भर एक वाजता मी अनवाणी वर गेलो. पांढऱ्या भागावर उभा राहून शेजाऱ्याला सगळं समजावून सांगितलं. मग तो चप्पल काढून करड्या भागावर आला आणि दुसऱ्याच पावलाला उडी मारून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. संध्याकाळी उरलेला चुना आम्ही दोघांनी मिळून मारला, आणि पुढच्या रविवारी त्याच्या गच्चीवर.