इन्फोग्राफिकवाले सर

प्रत्येक केंद्रात असे एक सर असतातच. शिक्षण परिषदेत बाकीचे गुरुजी पोहे कुठवर आले याचा अंदाज घेत असतात, तेव्हा हे प्रोजेक्टरची वायर हलवून बघत असतात. पूर्वी त्यांचं कार्डशीट, स्केचपेन आणि चमकीवर भागायचं. टाळेबंदीत त्यांना कॅनव्हा सापडलं आणि सरळ वाक्य कायमचं सुटलं. आता रजेचा अर्जसुद्धा बाणांनी जोडलेल्या चौकटींत येतो : ताप, डॉक्टर, विश्रांती, आपला विश्वासू.

कोरी जागा म्हणजे सरांच्या लेखी पडीक जमीन. त्यांच्या जलचक्रात सूर्याला गॉगल आहे, ढगाला मिशा आहेत आणि मधोमध साहेबांचा हसरा फोटो. बाष्पीभवनाचा बाण नेमका फोटोखाली गेल्यामुळे समुद्राचं पाणी वर चढून थेट साहेबांच्या खिशात शिरतं. डोंगर तयार टेम्प्लेटमधले, म्हणजे बर्फाचे. दुष्काळी माण तालुक्यातल्या पोरांनी ते सगळं शांतपणे बघितलं आणि एकानं विचारलं, ‘‘सर, ह्यात टँकर कुठाय?’’ सरांनी त्याच रात्री शोधाशोध केली. टँकर मिळाला नाही. अग्निशामक बंब मिळाला, तो लावला.

वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० हा त्रिकोण त्यांच्या प्रत्येक सादरीकरणात पहिला. खाली एडगर डेलचं नाव. डेलनं १९४६ साली काढलेल्या शंकूत एकही टक्का नव्हता, ते आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले, असं एका बाईंनी भर सभेत सांगितलं. सर हळहळले. ‘‘पण बाई, मग रंग कशात भरायचा?’’

वीज गेली की मात्र हाच माणूस खडू उचलतो. तोंडानं घासाचा प्रवास सांगत फळ्यावर अन्ननलिका ओढतो, जठराशी थांबतो, ‘‘आता काय होईल?’’ विचारतो. पोरं आतड्यापर्यंत श्वास रोखून जातात. सर हे काम जमेस धरत नाहीत, कारण ते ग्रुपवर टाकता येत नाही.

सध्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल चालू आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले, हे दाखवायला बाईंनी १८५८ मध्ये पाकळ्यांची आकृती छापली होती. जितके मृत्यू, तितकं पाकळीचं क्षेत्रफळ. सरांनी त्यातल्या पाकळ्या घेतल्या आणि वर्गाच्या हजेरीचं फूल केलं. ऊसतोडीच्या हंगामात गैरहजर मुलांची पाकळी सर्वांत मोठी निघाली, तिला गुलाबी रंग दिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकी तीच दाखवून शाळेच्या प्रगतीबद्दल अभिनंदन केलं.