मेगावॅटच्या गावात ११५ वॅट

कोयनानगरच्या माणसाला वॅट शिकवू नयेत. १९६० मेगावॅटचा प्रकल्प उशाशी घेऊन झोपणारे आम्ही. (त्यातली बहुतेक वीज घाटाखाली पोफळीकडे तयार होते आणि पावसाळ्यात आमचे दिवे जातात ते जातातच.) तरीही भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या लॅपटॉपला वॅट कमी पडतात."

भाचा कराडचा. गणपतीला आला तो डेस्कटॉपला गाडीत सीटबेल्ट लावून. त्यात आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. माझ्या गेमिंग लॅपटॉपच्या स्टिकरवरही तेच नाव, आणि दुकानदार तर म्हणाला होता, "सेम टू सेम." मग टाइम स्पाय या ग्राफिक्स चाचणीवर कुस्ती लावली.

लॅपटॉपचा पंखा असा घुमला की टेबल थरथरलं. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाची पहाट पाहिलेली आई थेट अंगणात! खुलासा झाल्यावर म्हणाली, "पंखा हाय व्हय? मग वारं कुठाय?"

निकालात लॅपटॉप चांगलाच मागे. मी प्रोसेसरवर खापर फोडलं. भाच्याने फक्त ग्राफिक्सचे गुण दाखवले, तिथेही तेच. मी स्क्रीनचा मुद्दा काढला. तर म्हणे स्क्रीन कुठलाही असो, ही चाचणी चित्र २५६० बाय १४४०चंच काढते. मग त्याने कुंडलीच मांडली. डेस्कटॉपच्या ४०७०ला ५८८८ कोअर, १२ जीबी मेमरी, २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७०ला ४६०८ कोअर, ८ जीबी, आणि वॅट ३५ ते ११५, लॅपटॉप बनवणारा ठरवेल तेवढे. आतली चिपसुद्धा डेस्कटॉपच्या ४०६० टीआयच्या घराण्यातली. आडनाव तेवढं मोठ्या घरचं लावलेलं.

"आणि मामा, पहिल्या फेरीचे गुण धरू नका. सलग चालवा, तापला की आणखी उतरतो."

आता हे मला सांगायचं? मी म्हणालो, "अरे, स्थापित क्षमता वेगळी आणि बारा महिने चालवणं वेगळं. पाणीवाटप लवादाने कोयनेला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी नेमून दिलंय. सगळी जनित्रं रात्रंदिवस फिरवायला ते पुरतंय होय?"

"मग मी तरी काय म्हणतोय?" भाचा म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. डेस्कटॉप चितपट! माझा लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहिला. वीज तुटल्यावर ग्राफिक्सचे वॅट आणखी आवळले गेले आणि पडद्यावरच्या गेममधला योद्धा तलवार उगारून विचार करत उभा राहिला, हे खरं. पण उभा होता. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात हा निकाल ग्राह्य धरावा, असं माझं मत आहे. भाच्याला ते मान्य नाही.

तुम्ही लॅपटॉप घ्यायला निघाला असाल, तर स्टिकर वाचत बसू नका. ग्राफिक्सला किती वॅट दिलेत, एवढंच विचारा. "भरपूर" असं उत्तर आलं, तर शेजारच्या दुकानात जा.