भरवशाचा सप्लायर कसा गाठावा

घरबसल्या साड्यांचा धंदा करायचं ठरवलंत, अभिनंदन. ड्रॉप-शिपिंगला दुकान लागत नाही, गोदाम लागत नाही, माल तर नाहीच नाही. ग्राहकाने तुम्हाला पैसे द्यायचे, आपला वाटा काढून उरलेले तुम्ही सप्लायरला द्यायचे आणि त्याने साडी परस्पर तिच्या घरी धाडायची. सप्लायर तेवढा भरवशाचा हवा. ही किरकोळ अट कशी पुरी करायची, ते नवशिक्यांसाठी खाली दिलं आहे. फोन चार्जिंगला लावून बसा.

१. व्हॉट्सॲपवर 'सुरत फॅक्टरी डायरेक्ट' अशा नावाचे निदान पाच ग्रुप गाठा. ज्यात फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येतात, तो ग्रुप उत्तम समजावा. तिथे आधी फसलेल्या बायका नव्याने आलेल्यांशी बोलू शकत नाहीत, त्यामुळे वातावरण प्रसन्न राहतं.

२. फोटो निरखून बघा. मॉडेलचं डोकं गळ्यापाशी छाटलेलं असेल, बिचकू नका. खाली उजव्या कोपऱ्यात गुलाबाचं स्टिकर असतं. फोटो मोठा करा. पाकळीखालून कुणाच्या तरी मोबाइल नंबरचे शेवटचे तीन आकडे डोकावताना दिसतील. हा आधीचा 'फॅक्टरी डायरेक्ट'. त्याच्याही मागे पुसटसं आणखी एक नाव असतं, ते त्याच्या आधीच्याचं. तुम्हीही परंपरा मोडू नका. गुलाबावर आपला नंबर चिकटवा, पन्नास रुपये चढवा आणि सोसायटीच्या ग्रुपवर सोडा. संध्याकाळपर्यंत समोरच्या विंगमधल्या काकू तोच फोटो तुम्हालाच शंभर रुपये कमी भावाने पाठवतील. वाईट वाटणारच. पण त्यांच्या आणि गिरणीच्या मधले गुलाब कमी आहेत, इतकंच.

३. जीएसटी नंबर चुकूनही मागू नका. त्यातली अक्षरं-आकडे मिळून १५ असतात आणि पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरात २४, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता, फुकटात तो तपासता येतो. पेढीचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच टाळायचं. सुरतेचे मिलमालक कागदोपत्री भलत्याच राज्यात मोबाइलची कव्हरं विकतात, हे कळून कुणाचं भलं झालंय? शिवाय ते उलट विचारतील, "मॅडम, तुमचा नंबर?"

४. पैसे आगाऊ भरा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पेढीच्या नावाऐवजी कुणा बाईंचं नाव आलं, तर ते अकाउंटंटच्या वहिनींचं खातं असतं. असतंच.

५. नमुना मागवू नका, त्यात भांडवल अडकतं. पहिली ग्राहक हाच नमुना. ६९९ रुपयांची 'अस्सल येवला पैठणी' बिनधास्त विका. हातमागाच्या पैठणीचे काठ-पदर उलट बाजूनेही सुलटसारखेच दिसतात. मागे लोंबणारे धागे नसतात. ही माहिती ग्राहकाला देऊ नका. तिच्या सासूबाईंना ती असतेच, पण त्या पार्सल फोडल्यावर बोलतील, तोवर तुमचे पैसे पोचलेले असतात.

६. 'ओपनिंग व्हिडिओशिवाय क्लेम नाही' हा नियम ग्राहकाला प्रेमाने समजावा. बंद पार्सल चारी बाजूंनी दाखवायचं, कात्रीने फोडायचं, साडी पदरापर्यंत उलगडायची, आणि हे सगळं मध्ये न थांबता एकाच शूटिंगमध्ये. पहिली ग्राहक बहुधा तुमची मावशीच असते. एका हातात फोन, दुसऱ्यात कात्री आणि साडी पायाच्या अंगठ्याने धरलेली, अशा अवस्थेत ती तो व्हिडिओ काढेल. सप्लायर कळवेल, "डिअर, लेबल क्लिअर नाही." मोरपिशीच्या जागी शेवाळी आली असेल, तर "डिअर, फोटोशूटच्या लाइटमुळे." डिअर म्हणणारा सप्लायर सोडू नका. पुढचे तर उत्तरही देत नाहीत.

७. पार्सलमध्ये तो स्वतःचं कार्ड टाकतो का, ते बघा. टाकत असेल तर तो खरोखर भरवशाचा आहे. मावशी पुढची साडी थेट त्याच्याकडूनच घेईल.

८. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा. "मिस्टर घरी नाहीत" म्हणून परत आलेल्या पार्सलचं जाता-येताचं भाडं तुमच्यावर बसतं. धंद्याचा अनुभव असाच येतो.

९. सुरतेला जाऊ नका. मुंबईहून सकाळची गाडी धरली तर रात्री घरी येता येतं, हाच त्यातला धोका. रिंग रोडच्या मार्केटांत माल हाताळून बघता येतो, भाव समोरासमोर होतो, आणि तिथले बरेच घाऊक व्यापारी एकेक नग देतच नाहीत, अख्खा सेट उचला म्हणतात. मग 'फॅक्टरीतून' एकच साडी, तीही घरपोच, पाठवणारा तुमचा माणूस नेमका कोण, असा प्रश्न परतीच्या गाडीत पडतो. पालघर येईपर्यंत उत्तरही सापडतं.

१०. सप्लायरने ब्लॉक केलं की नव्या ग्रुपात शिरा आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. ग्राहकाला मात्र असं करता येत नाही. तिने पैसे तुम्हाला दिलेत, तिच्याकडे तुमचाच नंबर आहे, तक्रारही तुमच्याच नावाने होणार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तो मावशीला पाठ आहे.