आराखडेकर सर, मुक्काम मैलूर

बीदरच्या मैलूर भागात आराखडेकर सर राहतात. आडनाव खरं वेगळंच आहे, पण त्यांच्या घरी एकदा चहा घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं नाव बसत नाही. पेशाने गणिताचे शिक्षक, आवडीने लेखक. लिहून झालेलं अजून काही नाही. पण लिहावं कसं, कोणत्या वेळी, कुठल्या खुर्चीत आणि कुठल्या शाईने, याचा एवढा अभ्यास कलबुर्गीपासून उदगीरपर्यंत दुसऱ्या कुणाचा नसेल.

सर पहाटे साडेचारला उठतात. म्हणजे गजर साडेचारचा असतो. पहाटे उठण्याचे फायदे सांगणारे व्हिडिओ रात्री बारापर्यंत चालतात, त्यामुळे प्रत्यक्ष डोळे उघडायला साडेसात होतात. मग जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडतं. त्यात तीन रकाने: आज, उद्या आणि कधीतरी. 'आज'मधली पहिली नोंद रोज एकच, 'यादी करणे'. यादी होताच तिच्यापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण पडते आणि दिवसाचं एक काम हातावेगळं होतं.

फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ पुढ्यात ठेवून अभ्यासाची एक रीत बसवली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा. घड्याळ कसलंही चालतं. पण सरांना टोमॅटोच हवा होता. बीदरच्या बाजारात मिळेना, म्हणून मागवला. तो येईपर्यंत साधनाअभावी काम बंद. आता आला आहे. पहिली पंचवीस मिनिटं कोणतं काम घ्यावं हे ठरवण्यात जातात, आणि मग नियमाप्रमाणे विश्रांती घ्यावीच लागते.

"अवो, एवढ्यात गिरणीतून दळण आलं असतं की," बाई आतून म्हणतात.

दळण 'उद्या'च्या रकान्यात आहे.

निकलास लूमान हे जर्मन समाजशास्त्रज्ञ आयुष्यभर चिठ्ठ्यांवर टिपणं काढत राहिले. त्यांच्या पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्या आधाराने त्यांनी ढीगभर पुस्तकं लिहिली. सरांनी हे वाचलं त्याच संध्याकाळी आखीव कार्डांचे गठ्ठे घरी आले. पहिल्या कार्डावर जांभळ्या शाईत क्रमांक आहे, १अ. खाली मजकूर: 'चिठ्ठी कशी लिहावी? पाहा १आ.' १आ काढून पाहिलं तर तिथे लिहिलंय, 'पाहा १अ.'

परदेशी गुरूंवरच सर विसंबतात असं मात्र नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. समर्थांनी त्यात अक्षर कसं असावं हे सांगितलंय, तसं बोरू, कागद आणि शाईबद्दलही सांगितलंय. सरांनी सामानाचा भाग उचलला. अक्षराचं नंतर बघू.

वाचनाचा संकल्प वर्षाला बावन्न पुस्तकांचा. तो १ जानेवारीला सुटतो आणि पाडव्याला पुन्हा धरला जातो. जूनमध्ये शाळा उघडली की तिसऱ्यांदा आणि दसऱ्याला चौथ्यांदा. सीमाभागात मुहूर्तांची वाण नाही. टेबलावर जलद वाचनाचं पुस्तक आहे. ते फार सावकाश चाललंय. त्याच घरात सरांचे वडील दर दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह करतात. गाणगापूर शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, त्यामुळे घरची श्रद्धा जुनी. चौरंग मांडायचा, ठरल्या दिवशी ठरलेले अध्याय वाचायचे, रात्री चटईवर झोपायचं आणि सातव्या दिवशी समाप्ती करून नैवेद्य. "हा तर हॅबिट ट्रॅकर!" असं म्हणून सरांनी या पद्धतीचा तक्ता काढला आणि ग्रंथ स्वतःच्या बावन्नात धरला. वाचन घरातच झालं होतं ना!

न लिहिलेल्या ग्रंथाबद्दल कुणी छेडलं तर सर दत्तो वामन पोतदारांचं नाव घेतात. पोतदार शिवचरित्र लिहिणार म्हणून महाराष्ट्र वाट पाहत राहिला. १९७९ साली ते गेले, चरित्र झालंच नाही. पोतदारांचे दुसरे ग्रंथ तरी होते, हे सर बोलण्याच्या ओघात गाळतात. सेतुमाधवराव पगडींचं नाव निघालं की विषय बदलतात. पगडी १९१० साली निलंग्यात जन्मले, म्हणजे तेव्हाच्या बीदर जिल्ह्यातलेच. हैदराबाद संस्थानातली सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी गोंडीचं व्याकरण लिहिलं, पुढे इतिहासाचे ग्रंथ लिहिले आणि महाराष्ट्राची गॅझेटियर्सही संपादली. "त्या काळी व्यत्यय कमी होते," एवढंच सर म्हणतात.

महमूद गवानवर मात्र सरांचा जीव. १४७२ साली बांधलेला त्याचा मदरसा बीदरच्या जुन्या शहरात आजही अर्धामुर्धा उभा आहे. या बहमनी वजिराने पत्रं कशी लिहावीत यावर चक्क एक ग्रंथ लिहिला होता, तेव्हा लिहिण्याविषयी लिहिणं ही इथलीच परंपरा, असं सरांचं प्रतिपादन. गवानाने पत्रंही लिहिली आणि राज्यही चालवलं, ते वेगळं. १४८१ साली त्याच्या शिक्क्याचं बनावट पत्र सुलतानापुढे गेलं आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. न लिहिलेल्या पत्रापायी गवान जिवानिशी गेला. न लिहिलेल्या लेखांवर आराखडेकर सर लेखक म्हणून मिरवतात.

परवा गल्लीतल्या गणेश मंडळाने स्मरणिकेसाठी त्यांना बिदरी कामावर लेख मागितला. सर रजिस्टर आणि टोमॅटो घेऊन एका कारखान्यात जाऊन बसले. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली सुरई कारागिराच्या मांडीत होती. मोरचूद लावून काळवंडलेल्या अंगावर छिन्नीने वेल कोरून झाली होती आणि खाचेत चांदीची तार हातोडीने हलकेच बसत होती. एवढ्यात टोमॅटो खणखणला.

"साब, तुमारा फून बजरा," मान वर न करता कारागीर म्हणाला.

सरांनी पंचवीस मिनिटांची पद्धत समजावली.

"पच्चीस मिन्ट में तो तार बी नै बैठता, साब."

किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर लावला की धातू कायमचा काळा पडतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते, हे त्याने दाखवलं. माती चांगली की नाही ते जिभेवर ठेवून कळतं, असं सांगून चिमूटभर सरांच्या तळहातावर ठेवली. सरांनी ती कागदाच्या पुडीत बांधली आणि रजिस्टरात नोंद केली: 'माती चाखणे – कधीतरी'.

स्मरणिका वेळेवर निघाली. सरांच्या पानावर अकरा उपशीर्षकं आहेत, सुबक क्रमांक घातलेली, आणि तळाशी 'मजकूर पुढील वर्षी'. उरलेल्या पाऊण पानावर खत-बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात बसली. जमाखर्च मांडला तेव्हा सगळ्या अंकात तेच पान फायद्याचं ठरलं, म्हणून पुढच्या वर्षीही लेख सरांनाच सांगायचा, असा ठराव मंडळाने एकमताने केला आहे.