रँकिंगकाका

बारावीचा निकाल लागला की सोसायटीत रँकिंगकाका प्रकट होतात. 'नीट'चे गुण एमबीबीएसच्या उंबरठ्यावर अडखळले आणि मुलीने मॉलिक्युलर बायॉलॉजीचं नाव काढलं, की आईवडिलांआधी यांनाच काळजी लागते. विषय काय असतो या भानगडीत ते पडत नाहीत. "डीएनएचं ते" एवढ्यावर भागतं. मग मोबाइलवर एनआयआरएफचा, म्हणजे देशातल्या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीचा, तक्ता उघडतो. त्यात नावलौकिकाला शंभरापैकी दहाच गुण आहेत. काका उरलेले नव्वदही त्यालाच देऊन मोकळे होतात.

आता हा विषय मुळात हाताने शिकायचा. जेलच्या इवल्याशा खाचेत चार-पाच मायक्रोलिटर डीएनए सोडताना पहिले काही थेंब बाहेरच जातात, आणि ते स्वतःच्या हातून गेल्याशिवाय हात बसत नाही. संस्थेकडे पीसीआरचं यंत्र आहे आणि ते पदवीच्या मुलांना हाताळू देतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी यंत्राचा सगळ्यात मोठा वापर म्हणजे खंडेनवमीचा हार! एरवी तीस मुलं भोवती उभी राहून जर्नलमध्ये 'निरीक्षण' उतरवतात. तक्ता काही हे सांगत नाही. काकांचं म्हणणं, मोठ्या नावाने परदेशाचं दार उघडतं. ते खोटं नाही. पण पीएचडीच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि ज्यांना मुलगी फक्त हजेरीपटावर भेटली त्या सरांनी लिहायचं काय? बरं, तक्त्यात मान असलेली संस्था सुचवावी, तरी काका बिचकतात. २००६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पण सुरुवातीला गणितही करावं लागतं. "बायो घेऊन पुन्हा गणित?" हा त्यांचा सात्त्विक संताप. जीनोमचा डेटा वाचायला संख्याशास्त्र लागतं, हे त्यांच्या हिशेबात नाही.

मात्र होस्टेलच्या मेसचा प्रश्न आला की हाच माणूस कमालीचा शास्त्रीय होतो. तक्ता बाजूला ठेवून थेट तिथे शिकणाऱ्या मुलांना फोन लावतो, एकाला नव्हे, तिघांना. पोळ्या किती, वरण पातळ की घट्ट, रविवारी रात्री काय, सगळं विचारतो आणि उत्तरं ताडून पाहतो. त्याच फोनवर प्रॅक्टिकलच्या एका बॅचला किती मुलं असतात, हेही विचारता आलं असतं. पण मेसचं रँकिंग निघत नाही, म्हणून तिथे चौकशी करावी लागते.