बॅकअपराव

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात हा गृहस्थ सापडतोच. हजेरीपटावर नाव काहीही असो, ऑफिसात तो बॅकअपराव. चहाला सगळ्यांत शेवटी येतो आणि कप उचलायच्या आधी विचारतो, "जी ड्राइव्हवर डोहाळजेवण कुणाचं आहे?"

फाइल तो कधी उघडत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. उघडायची गरजच पडत नाही. स्टोअरचे साहेब आजारी रजेवर कुठे होते, हे एचआरच्या आधी त्याला कळतं. 'माथेरान दिवस दुसरा' असं नाव कुणी तापाला देत नाही.

त्याचं दुखणं मात्र खरं आहे. बॅकअपच्या एलटीओ-६ टेपवर मावतं २.५ टेराबाइट, खोक्यावर ६.२५ छापलेलं असतं, ते दाबून बसणाऱ्या मालाच्या भरवशावर. हिशेबाचे तक्ते दबतात. गाणी, फोटो, व्हिडिओ आधीच दाबलेले. त्यांना मशीनने कितीही चेपलं तरी ते तसूभर हलत नाहीत. त्यात एकच लग्न सात जणांच्या फोल्डरांत. रात्री सुरू झालेला बॅकअप सकाळचा भोंगा झाला तरी सप्तपदीतच.

शेवटी रात्री माल उचलणाऱ्या रोबोकॉपीला त्याने ताकीद दिली: एमपी-थ्री, एमपी-फोर घ्यायचे नाहीत. लोकांनी फायलींच्या शेपट्या बदलून एक्सेलच्या लावल्या. असले नियम शेपटीच बघतात, पोटात काय आहे ते नाही. अकाउंट्समधली एक वरात 'जीएसटी अंतिम' या नावाने बरेच दिवस सुखरूप टेपवर जात होती. बॅकअपरावाने ती वजनावरून पकडली. चार जीबीचं रिटर्न भरण्याइतका आपला धंदा नाही, एवढं त्याला कळतं.

जेपीजीला मात्र हात लावता येत नाही. क्वालिटीवाल्यांचे तडा गेलेल्या कास्टिंगचे फोटो त्याच शेपटीचे. त्यामुळे तडे आणि माथेरान अजून एकाच टेपवर नांदतात.

मध्यंतरी सर्व्हरने मान टाकली. दुपारपर्यंत सगळी ड्रॉइंग्ज परत जागेवर आली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. स्टोअरचे साहेब तेवढे वर आले.

"राव, आमच्या छकुलीचं बारसं?"

"वगळलंय. मेल केली होती सगळ्यांना."

"मेल कोण वाचतं हो? आणि बारसं वगळता, तर कंपनी तुम्हाला पगार कशाचा देते?"